पाझर म्हणायचं की गळती?

भुदरगड भागातल्या एका तरुणानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावाच्या वरच्या अंगाला मातीचा तलाव आहे. पावसाळा संपल्यावर दिवाळी उलटून जाईपर्यंत भरावाच्या पायथ्याला पाणी दिसतं. ग्रामपंचायतीनं खात्याला पत्र दिलं, तर उत्तर आलं की "सदर बाब किरकोळ पाझराची असून काळजीचे कारण नाही". गावात मात्र सगळे "तलाव गळतोय" असंच म्हणतात. तर पाझर आणि गळती यांत खरोखर काही फरक आहे, का आमची बोळवण करायला साहेबांनी हा शब्द शोधून काढलाय?

फरक आहे. आणि बोळवणही होते. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कोल्हापूर आणि आसपासच्या मातीच्या धरणांवर गेली, त्यामुळं दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्यात. जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं पाणी हळूहळू जाण्याला पाच-सहा क्रियापदं आहेत आणि ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही अशी माणसंही ती चोख वापरतात. मुरतं ते आत जातं आणि दिसेनासं होतं. म्हणूनच व्यवहारात घोळ असला की "कुठंतरी पाणी मुरतंय" म्हणतात. झिरपतं ते मातीच्या पोटातनं पुढं सरकत असतं. पाझरतं ते पलीकडच्या अंगाला बाहेर येतं. निथळतं ते धरून ठेवलेलं पाणी, भिजल्या धोतरातलं किंवा धुतलेल्या तांदळातलं. ठिबकतं त्याचा थेंब मोजता येतो, हे उसाला ठिबक केलेल्या कुणालाही सांगायला नको. आणि गळतं ते भोकातनं, फटीतनं, सांध्यातनं.

नवा माठ आणला की त्याच्या अंगाला बाहेरून ओल धरते. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं, त्याच्यासाठीच तर आपण तो घेतो. त्याच माठाला केसाएवढा तडा गेला आणि खालच्या तिवईवर थेंब पडायला लागले की घरातली बाई "माठ गळतोय" म्हणते. दोन्ही वेळा दिवसाकाठी गेलेलं पाणी कदाचित सारखंच असेल. शब्द बदलला तो पाणी किती गेलं यावरून नाही, ते कुठल्या वाटेनं गेलं यावरून. सगळ्या अंगातनं, कणाकणामधल्या जागेतनं आलं तर पाझर. एकाच ठरलेल्या वाटेनं आलं तर गळती.

'गळती'ला आणखी एक चव आहे, नुकसानीची. वीजगळती, शाळेतल्या मुलांची गळती, पक्षातली गळती. जे राहायला पाहिजे होतं ते गेलं, असा त्यात ठपका असतो. पाझराला तो ठपका नाही. उलट दगडाला पाझर फुटला तर आपल्याला बरंच वाटतं. खात्याच्या पत्रात 'पाझर' आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'गळती' का असते, ते यावरून ध्यानात येईल. दोघांनाही आपापल्या सोयीचा शब्द मिळालेला असतो.

आता तलावाकडं वळू.

मातीचं धरण पाझरतंच. न पाझरणारं मातीचं धरण अजून कुणी बांधलेलं नाही. पाणी मातीतनं किती वेगानं जातं याचा नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ मध्ये मांडला. दिजों शहराला पाणीपुरवठा करताना त्यानं वाळूच्या नळकांड्यातनं पाणी सोडून मोजमापं घेतली होती. नियम सोपा आहे: पाण्याचा दाब जितका जास्त आणि वाट जितकी आखूड, तितकं पाणी जास्त, बाकी सगळं मातीच्या जातीवर. आणि मातीच्या जातीजातीत फरक तरी किती? चांगल्या दाबलेल्या चिकण मातीतनं, पूर्ण दाब असला तरी, पाणी वर्षाला दोन-चार सेंटिमीटर सरकतं. तेच स्वच्छ जाड्या वाळूतनं दिवसाला आठ-नऊ मीटर जातं. आपला मुरूम या दोघांच्या मधे कुठंतरी.

म्हणून धरणाच्या भरावात सगळीकडं एकच माती टाकत नाहीत. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, आमच्या बोलीत हार्टिंग. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, म्हणजे केसिंग. खाली कठीण थर लागेपर्यंत चर खणून तोही चिकण मातीनं भरलेला, म्हणजे कट-ऑफ ट्रेंच, त्याला सगळे सीओटीच म्हणतात. गाभ्याच्या मागच्या अंगाला वाळूचा फिल्टर, आणि अगदी पायथ्याला दगडांचा रॉक टो व पाणी नेणारी चर. जुन्या लहान तलावांत यातलं सगळं असेलच असं नाही. पण जिथं आहे तिथं या रचनेचा हेतू पाणी अडवण्याइतकाच, पाझरलेलं पाणी शिस्तीत बाहेर काढण्याचाही आहे. वाळूचा फिल्टर मुद्दाम अशा जाडीच्या दाण्यांचा निवडतात की पाणी त्यातनं सुटावं पण गाभ्याच्या मातीचा कण अडकावा. तेव्हा रॉक टोच्या दगडांमधनं स्वच्छ पाणी चरीत उतरताना दिसलं, तर ते धरण ठरवल्याप्रमाणं काम करतंय असं समजायचं. इथपर्यंत तुम्हाला पत्र लिहिणारे साहेब बरोबर आहेत.

माझा राग आहे तो 'किरकोळ' या शब्दावर. पाझर किरकोळ आहे हे कुणी, कधी, कशानं मोजलं? पत्रात आकडा नसेल तर तो शब्द अंदाजपंचे आहे असं खुशाल समजा.

मोजायला फार लागत नाही. पायथ्याच्या चरीत आडवी पत्र्याची फळी बसवतात, तिला काटकोनी खाच असते, तिला व्ही-नॉच म्हणतात. खाचेतनं पाणी किती उंचीनं वाहतंय तेवढं पट्टीवर वाचायचं. पाच सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर. दहा सेंटिमीटर म्हणजे साधारण ४.४ लिटर. इथंच लोक फसतात. उंची दुप्पट झाली म्हणजे पाणी दुप्पट असं वाटतं, पण ते साडेपाच पटीच्याही वर गेलेलं असतं. नोंदवहीत "५ सें.मी." च्या जागी "७ सें.मी." आलं तर कारकुनाला ते दोन सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण तेवढ्यात पाझर दुपटीच्या पुढं गेलेला असतो. नॉच नसेल तर चरीत एका जागी पाणी गोळा करून पाइपाचा तुकडा बसवा, त्याच्याखाली पंधरा लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. वीस सेकंदांत भरली तर पाऊण लिटर. एवढं गावातल्या पोरांनाही जमतं.

सेकंदाला पाऊण लिटर म्हणजे दिवसाला पासष्ट हजार लिटरच्या आसपास. आकडा ऐकून गाव घाबरतं. पण तलावाचा पसारा वीस हेक्टर असेल तर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी दहा लाख लिटर पाणी उन्हानं उडून जातं. त्याच्यापुढं हा पाझर काहीच नाही. म्हणून "केवढं पाणी वाया चाललंय" हा मुद्दा मला कधीच महत्त्वाचा वाटला नाही, आणि अर्जात तोच एक मुद्दा असला की अर्ज बाजूला पडतो.

खरा प्रश्न पाण्याबरोबर माती चाललीय का, हा आहे. तेच पाऊण लिटर पाणी लिटरमागं फक्त एक ग्रॅम माती घेऊन येत असेल, तर दिवसाला साठ-पासष्ट किलो माती धरणाच्या पोटातनं बाहेर पडते. महिन्याला दोन टन. म्हणजे महिनाभरात आत घनमीटरभराहून मोठी पोकळी. बाहेरून भराव जसाच्या तसा दिसतो, वर गवत हिरवंगार असतं, आणि आत एक वाट तयार होत असते. ती वाट तलावाच्या दिशेनं मागं मागं सरकत जाते. वाट जितकी लांबली तितका मधला मातीचा अडसर आखूड झाला, अडसर आखूड झाला की पाण्याचा जोर वाढला, जोर वाढला की माती आणखी सुटली. याला इंग्रजी पुस्तकांत पायपिंग म्हणतात आणि आमच्याकडंही तोच शब्द रूढ आहे. पाझराची गळती होते ती इथं, आणि ती होताना वरून दिसत नाही.

एका लघुतलावावर मी हे अगदी समोर पाहिलंय. तिथला चौकीदार फारसा शिकलेला नव्हता पण चौकस होता. आउटलेटच्या, म्हणजे भरावाखालनं पाणी सोडायच्या नळाच्या, डाव्या अंगाला, चरीच्या बाहेर, गवतात हातभर जागेत पाणी येत होतं. पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसत होतं. त्यानं काय केलं, काचेच्या बाटलीत ते पाणी भरून, तारीख लिहून चौकीच्या खिडकीत ठेवलं. दोन-तीन दिवसांनी दुसरी बाटली. मी गेलो तेव्हा खिडकीत बाटल्यांची ओळ होती. आधीच्या बाटल्यांचा तळ कोरा होता, आणि शेवटच्या दोन बाटल्यांत बोटाच्या पेराच्या निम्म्यानं साका बसलेला. मी तो साका बोटांवर घेऊन चोळला. चिकट, काळा, रेव अजिबात नाही. आवरणाचा मुरूम तांबूस होता. म्हणजे ही माती गाभ्यातली होती. त्या संध्याकाळपासून आउटलेटनं तलावाची पातळी उतरवायला सुरुवात केली. पुढं उन्हाळ्यात खोदून पाहिलं तेव्हा आउटलेटच्या नळाच्या अंगाला माती नीट दाबलीच गेलेली नव्हती, तिथं हात जाईल अशी पोकळी निघाली.

ही जागा लक्षात ठेवा. मातीच्या धरणात सगळ्यात जास्त दुखणी आउटलेटच्या नळाच्या आसपास निघतात, कारण काँक्रीट किंवा दगडी बांधकामाला चिकटून रोलर नीट फिरत नाही आणि तेवढी पट्टी कच्ची राहते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तिथंही आधी आउटलेटच्या नळावरचाच भराव खचायला लागला होता. त्याच्या खालोखाल दुखण्याच्या जागा म्हणजे भराव डोंगराला मिळतो ती दोन्ही टोकं, आणि सांडव्याच्या भिंतीला माती टेकते तो सांधा.

झाडं, घुशी आणि खेकडे हेही यातच येतात. २ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि महाराष्ट्रभर हसू झालं. खेकडा भरावात बिळं करतो हे खरं आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण खेकडा एका रात्रीत धरण पाडत नाही. बीळ दिसल्यावर ते बुजवायला वर्षं मिळालेली असतात. आपल्याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला, एका बाईचा जीव गेला, जनावरं दगावली, ओढ्याकाठची पिकं आणि माती धुऊन गेली. तुमच्या भागातली माणसं 'पाझर' हा शब्द ऐकून का बिथरतात ते मला पुरतं कळतं.

घाई किती करायची असते याचा अंदाज यावा म्हणून परदेशातलं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टीटन नावाचं मातीचं धरण पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ च्या सकाळी भरावातनं गढूळ पाणी येताना दिसलं. बुलडोझर लावून भोक बुजवायचा प्रयत्न झाला, ते बुलडोझरही आत ओढले गेले. दुपारी बारा वाजायच्या आत धरण फुटलं. नव्वद मीटरहून उंच, आधुनिक पद्धतीनं बांधलेलं धरण. म्हणून गढूळ पाणी दिसलं की "सोमवारी ऑफिस उघडल्यावर बघू" असं चालत नाही.

तुमच्या भागाची आणखी एक गंमत आहे आणि ती ध्यानात न घेतल्यामुळं पुष्कळदा उगाच आरडाओरडा होतो. भुदरगड, आजरा, चंदगड, राधानगरी या पट्ट्यात डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे आहेत. जांभा सच्छिद्र, त्याच्या पोटात वेड्यावाकड्या नळ्या. पावसाळाभर तो पाणी पितो. त्याच्याखाली शाडूचा चिकट थर लागला की पाणी आडवं फिरतं आणि उतारावर झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. दिवाळीपर्यंत, कुठं कुठं होळीपर्यंतही. तलाव अशाच खोऱ्याच्या तोंडाशी बांधलेला असतो. त्यामुळं भरावाच्या पायथ्याला, विशेषतः टोकांकडं, दिसणारं पाणी तलावाचं नसून डोंगराचं असू शकतं. गावातल्या जुन्या माणसांना विचारा: तलाव व्हायच्या आधी त्या जागी ओल असायची का, तिथं आळू किंवा लव्हाळा उगवायचा का? "हो, आमची म्हसरं तिथंच डुंबायची" असं उत्तर आलं तर अर्धा उलगडा झाला.

उरलेला उलगडा नोंदींवरून होतो. तलावाची पातळी आणि पाझर एकाच दिवशी वाचून शेजारी शेजारी लिहीत जा. पातळी उतरली तसा पाझर उतरला तर पाणी तलावाचं. पातळी उतरली तरी पाणी तेवढंच राहिलं, आणि पाऊस थांबल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप आटलं, तर बहुतेक डोंगराचं. पाऊस चालू असताना घेतलेल्या नोंदीला काही अर्थ नसतो, भरावाच्या उतारावर पडलेला पाऊसही त्याच चरीत येतो. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की मगच मोजा. आणि मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडायचं तर तलावाची पातळी तीच असताना ताडायचं. गेल्या वर्षी काठोकाठ भरलेला असताना पाऊण लिटर आणि यंदाही काठोकाठ असताना पाऊण लिटर, तर झोप घ्यायला हरकत नाही. त्याच पातळीला यंदा दीड लिटर झालं, तर पाणी स्वच्छ असलं तरी मी गाडी काढली असती.

पाझर कमी झाला म्हणून मात्र लगेच पेढे वाटू नका. पातळी तीच आणि चरीतलं पाणी अचानक निम्म्यावर आलं, तर दोन शक्यता असतात. एक चांगली: तलावात गाळ बसून तळाच्या फटी मुजल्या. दुसरी वाईट: फिल्टर किंवा रॉक टो गाळानं, मुळ्यांनी तुंबला, पाण्याला खाली वाट मिळेना म्हणून भरावाच्या आतली ओल वर चढली. तसं झालं की काही दिवसांनी पायथ्याच्या बऱ्याच वर, उताराच्या अंगावरच, ओला पट्टा दिसायला लागतो. तिथलं गवत बाकी सगळं वाळल्यावरही हिरवं राहतं, पाऊल टाकलं तर माती दबते. पायथ्याच्या चरीतल्या धो-धो पाण्यापेक्षा उताराच्या मध्यावरचा हा तळहाताएवढा ओला डाग मला जास्त भिववतो.

दगडी धरणाची गोष्ट वेगळी. शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण दगडी आहे. तिथं माती वाहून जायचा प्रश्न येत नाही. दगडी बांधकामातनं पाझरणारं पाणी सांध्यांतला चुना विरघळवून नेतं, म्हणून भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात. ओघळ वाढत गेले तर सांधे पोकळ होतायत असं समजून सिमेंटचं ग्राउटिंग करावं लागतं, म्हणजे पातळ सिमेंट दाबानं आत भरावं लागतं. काळम्मावाडी धरणाच्या गळतीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथला 'गळती' शब्द आणि तुमच्या तलावाचा 'पाझर' यांची थेट तुलना करू नका, दोन्हीकडं दुखण्याची जातच वेगळी असते.

आणि पाझर तलाव? तिथं तर हा शब्द नावातच आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढं रोजगार हमीवर गावोगाव ते झाले. पाझर तलावात डिसेंबरनंतर पाणी राहत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी विचारतो, खालच्या विहिरींचं काय? विहिरींना पाणी वाढलं असेल तर तलावानं आपलं काम केलं. त्यानं पाणी साठवून ठेवायचं नसतंच, तळातनं जमिनीत मुरवायचं असतं. फक्त ते तळातनं जावं, बांधाच्या पोटातनं नाही. बांधातनं जात असेल तर पाझर तलावालाही वर सांगितलेलं सगळं लागू.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना मात्र मी सरळ 'गळती' हाच शब्द वापरीन. पावसाळ्यानंतर बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, दोन ओळींत घालतात, ओळींच्या मधे माती भरतात, तरी फटींतनं पाणी येतंच. ती ठरलेली वाट आहे, सांध्याची. तिथं धोका काही नाही, पाणी जातं एवढंच. दारं घालणारी माणसं माती चोपून चोपून भरतात ती त्यासाठीच. कालव्याच्या पाझरानं जमीन चिबडते तो आणखी निराळा विषय, शिरोळ तालुक्यातल्या क्षारपडीवर कधीतरी स्वतंत्र लिहीन. तिथं कालव्यापेक्षा आपण उसाला मोकाट देतो ते पाणी जास्त जबाबदार आहे, पण हे बोललं की शेतकरी नाराज होतात.

आता तुम्ही काय करायचं ते.

स्वतः काही बुजवायला जाऊ नका. पायथ्याला पाणी दिसलं की गावातली उत्साही मंडळी सिमेंटची पोती किंवा चिकण माती घेऊन ते तोंड बंद करायला धावतात. हे अगदी उलटं आहे. खालच्या अंगानं तोंड बंद केलं की पाणी आत कोंडतं, दाब वाढतो आणि दुसरीकडं, जास्त वाईट जागी, वाट काढतं. पाणी अडवायचं असतं ते तलावाच्या बाजूनं. खालच्या बाजूला फक्त माती अडवायची: आधी जाडी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि दगड. पाण्याला वाट मोकळी, कणाला बंद. भरावाच्या खालच्या सपाट जागेत पाणी उसळून वर येत असेल, मधे छिद्र आणि भोवती वाळूचं कडं जमत असेल, तर त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं वर्तुळ रचून आत पाणी थोडं चढू देतात, म्हणजे जोर मोडतो. पण हेही खात्याच्या माणसांच्या देखरेखीखालीच. तलाव रिकामा करायचा तर तोही दमानं. पाणी एकदम उतरवलं तर आतल्या बाजूचा ओला भराव घसरतो.

तलावाच्या पाण्यात भरावाजवळ भोवरा फिरताना दिसला, माथ्यावर खड्डा पडला किंवा पाणी गढूळ झालं, तर अर्ज-बिर्ज नंतर. आधी शाखा अभियंत्याला आणि तहसील कार्यालयाला फोन, आणि ओढ्याकाठच्या घरांना निरोप.

एरवी अर्जच करा, पण नीट करा. आधी तलावाजवळचा फलक बघा, मालकी जिल्हा परिषदेची आहे, जलसंधारण विभागाची की जलसंपदा विभागाची. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तीन महिने फिरतो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची जबाबदारी मालक खात्यावर असते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात ती मोठ्या धरणांसाठी लिहूनच ठेवली आहे. पंधरा मीटरपेक्षा उंच धरण थेट त्यात येतं, दहा ते पंधरा मीटरमधलं काही अटी पुऱ्या करत असेल तर. तुमचा तलाव त्याहून लहान असेल तरी शेवटच्या तपासणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. त्यात पाझराच्या रकान्यात आकडा आहे की 'किरकोळ' आहे, ते वाचा.

आणि अर्जात पाझर लिहायचं की गळती? मी कुठलाच शब्द लिहिणार नाही. तो ठरवणं तपासायला येणाऱ्याचं काम. तुम्ही साधारण असं लिहा: "आउटलेटपासून उजवीकडे अंदाजे चाळीस पावलांवर, पायथ्यापासून सहा फूट वर, उतारावर ओली जागा आहे. शिवाय चरीतल्या पाण्याने पंधरा लिटरची बादली अमुक तारखेला वीस सेकंदांत, पंधरा दिवसांनी पंधरा सेकंदांत भरली. त्या काळात तलावाची पातळी एक फूट उतरलेली होती व पाऊस नव्हता. पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवले असता तळाशी साका बसतो. बाटली सोबत जोडली आहे." बाटलीचं बूच घट्ट लावा, नाहीतर आवक-जावकच्या टेबलावर सांडते आणि अर्ज भिजतो.